भर दुपारची विहीर, बॅरनची बायको आणि इतर प्रश्न

सदर: खेळता खेळता

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच खेळाबद्दलची आहेत: 'द विचर ३: वाइल्ड हंट'. म्हणून बाकीचे खेळ बाजूला ठेवून यावेळी सगळी जागा त्यालाच दिली आहे. ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीनं मे २०१५ मध्ये हा खेळ काढला. त्यात आपण गेराल्ट असतो. पांढऱ्या केसांचा, पाठीवर दोन तलवारी बांधून घोड्यावर गावोगाव फिरणारा माणूस. पोलादाची तलवार माणसांसाठी, चांदीची भुताखेतांसाठी. लोकांना सतावणाऱ्या भुताराक्षसांचा पैसे घेऊन बंदोबस्त करणं हा त्याचा धंदा, आणि लेकीसारखी वाढवलेली सिरी सापडत नाही म्हणून तिचा माग काढणं हे त्याचं खरं काम. लढाया भरपूर आहेत, पण मी यात गुंतले ती माणसांच्या बोलण्यामुळे, आणि उत्तरंही त्याच अंगानं दिली आहेत. बॅरनच्या प्रश्नात गोष्ट उघडी पडते. ज्यांना तिथवर अजून पोचायचं आहे त्यांनी तो प्रश्न आणि त्याचं उत्तर नंतर वाचावं.

प्रश्न: ताई, मी घाटंजी तालुक्यातल्या खेड्यात राहतो, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेकंडहँड लॅपटॉप घेतलाय. विचर त्यावर चालेल का? आमच्याकडे वायफाय नाही, मोबाइलचा रोजचा दीड जीबी. आणि लाइन कधी जाईल याचा नेम नाही.

उत्तर: आधी लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का ते बघ. कंपनीनं कमीत कमी सांगितलेलं आहे ते जीटीएक्स ६६०, सोबत ६ जीबी रॅम आणि आय५ प्रोसेसर. ही सगळी जुनी नावं आहेत, त्यामुळे सेकंडहँडमध्ये मिळणाऱ्या गेमिंग लॅपटॉपवर खेळ बऱ्यापैकी चालतो. नुसता टायपिंगचा लॅपटॉप असेल तर पैसे घालू नकोस, जीव रडकुंडीला येईल. डिसेंबर २०२२ मध्ये खेळाची नवी, जास्त चकचकीत आवृत्ती आली. ती सुरू करताना डायरेक्टएक्स ११ की १२ असं विचारते. तू ११ घे. सेटिंगमध्ये हेअरवर्क्स बंद कर. गेराल्टच्या केसांसाठी मशीनचा एवढा दम कशाला काढायचा? आणि फ्रेमची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची त्याची, मर्यादा ३० वर ठेव.

खेळ साधारण ५० जीबीचा आहे. दीड जीबीच्या हिशोबानं महिना उलटेल, आणि तेवढ्यात घरातल्या कुणालाच फोन वापरता येणार नाही. त्याला उपाय आहे. जीओजी नावाच्या ऑनलाइन दुकानातून खेळ विकत घेतलास तर त्याचा इन्स्टॉलर फाइलींच्या रूपात उतरवून ठेवता येतो, आणि तो बसवायला किंवा खेळायला पुढे इंटरनेट लागत नाही. यवतमाळला कॉलेजच्या मित्राकडे वायफाय असेल तर तिथं एका रात्री उतरव आणि हार्ड डिस्कवर गावी आण. 'कम्प्लीट एडिशन' घे. त्यात नंतर आलेल्या दोन्ही मोठ्या पुरवण्या असतात आणि सेलमध्ये किंमत पार खाली येते. घाई करू नकोस, सेलची वाट बघ.

आता लाइनीचं. माझं सेवा केंद्र समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात आहे. दिवसा सातबारे, उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याचे फॉर्म, आणि शटर पाडलं की मागच्या खोलीतल्या मशीनवर गेराल्ट. थ्री फेजची पाळी रात्रीची असली की शिवारातल्या मोटरी एकदम सुरू होतात आणि इकडे व्होल्टेज बसतं. म्हणून सांगते, एफ५ या बटणावर बोट ठेवायची सवय लाव. त्यानं खेळ जागच्या जागी सेव्ह होतो. लढाई चालू असताना सेव्ह होत नाही, तेव्हा लढाईला भिडण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा. सेव्हच्या फाइली डॉक्युमेंट्समध्ये 'द विचर ३' या फोल्डरच्या आत 'गेमसेव्ह्स'मध्ये असतात. आठवड्यातून एकदा ते फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेव.

आणखी एक गोष्ट, जी शहरातले लोक तुला सांगणार नाहीत. भाव येईपर्यंत घरात कापूस भरून ठेवता ना? त्या खोलीत लॅपटॉप चालवू नकोस. सरकीवरचा तो बारीक तंतू पंख्याच्या जाळीत जाऊन बसतो आणि हवेची वाट बंद करतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या तापट लॅपटॉपांपैकी कापसाच्या हंगामातले उघडले की आत पांढरी गादी निघते. आणि उन्हाळ्यात मशीन कूलरच्या झोताच्या तोंडाशी ठेवू नकोस, ती हवा ओली असते. दुपारी खेळूच नकोस. पहाटे खेळ.

प्रश्न: मला गोष्टी आवडतात पण इंग्रजी कच्चं आहे. हिंदीत हा खेळ आहे का? समजलं नाही तर मजा येईल का? (चांदूर बाजार)

उत्तर: हिंदी नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही. अरबी, तुर्की, कोरियन आहे, आपलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हा खेळ समजून घेण्याचाच आहे. संवाद सोडून पुढे पळालात तर उरतात नुसत्या तलवारी, आणि तलवारीचे याहून चांगले खेळ बाजारात आहेत.

पण इंग्रजी कच्चं म्हणून सोडू नका. संवादात तुम्हाला दोन-तीन उत्तरांतून एक निवडायचं असतं, आणि थोडे प्रसंग सोडले तर खेळ तुमच्यासाठी थांबून राहतो. घाई कसलीच नाही. नव्या आवृत्तीत चालू प्रसंग मधेच थांबवता येतो आणि खालच्या अक्षरांचा आकारही वाढवता येतो. दोन्ही सोयी पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. एखादं वाक्य अडलं की थांबवायचं, शब्द बघायचा, पुढे जायचं. खेड्यातली माणसं शब्द तोडून बोलतात. त्यांचं पहिल्यांदा कळत नाही, तासाभरानं कान बसतो. आणि जर्नल वाचत जा. आतापर्यंत काय घडलं, कोण कुणाचा कोण, ते सगळं तिथं लिहिलेलं असतं. हे लिखाण गेराल्टच्या शाहीर मित्राच्या तोंडचं आहे, त्यामुळे ते वाचायलाही रंगतदार आहे.

मी माझ्या सासूबाईंना हा खेळ वऱ्हाडीत सांगते. त्या बाजेवर बसून बघतात, मी थांबवून थांबवून सांगते. कुणाला तरी सांगायचं म्हटलं की आपल्याला किती समजलंय तेही लगेच कळतं. घरात असं कुणी असेल तर करून बघा.

तोवर हिंदीतच काही हवं असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये काढलेला 'राजी: ॲन एन्शंट एपिक' बघा. तो विचरसारखा निवडीनिवडीचा नाही, सरळ धावता-लढता खेळ आहे आणि लहान आहे. पण त्याच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आहेत, आणि त्यातली मंदिरं-महाल बघून आपल्या मातीतलं काहीतरी बघतोय असं वाटतं.

प्रश्न: माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. सुट्टीत मामाकडे हाच खेळ खेळून आला, आता घरी मागतो. देऊ का? (एक आई, मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर: नको, ताई. युरोपात या खेळावर १८ वर्षांवरच्यांसाठी असा शिक्का आहे आणि तो योग्यच आहे. रक्तपात आहे, उघडे प्रसंग आहेत, आणि त्याहून जास्त म्हणजे बायकामुलांच्या वाट्याला आलेली अशी दुःखं आहेत जी पचवायला वय लागतं. मुलाला नुसतं 'नाही' म्हणू नका. 'अजून पाच वर्षांनी' असं सांगा आणि मामाशीही बोला. त्याला गोष्टीचाच खेळ हवा असेल तर 'अंडरटेल' आहे. अगदी साध्या कॉम्प्युटरवर चालतो, चित्रं साधी चौकटीची. त्यात समोरच्याला न मारता, बोलून, समजावून अख्खा खेळ पार करता येतो. इंग्रजी लागेल, तेव्हा सोबत बसा.

प्रश्न: व्हाइट ऑर्चर्ड या पहिल्या मुलखात विहिरीवरचं भूत मला मारूच देत नाही आणि मरतही नाही. तलवार तिच्या आरपार जाते. वैतागलो. (सिंदी रेल्वे)

उत्तर: तुमची तलवार बरोबर आहे, जागा चुकते आहे. या भुताला खेळात नूनरेथ म्हणतात, भर दुपारची बाई. ती हवेसारखी असते, म्हणून तलवार आरपार जाते. गेराल्टच्या पाच मंत्रांपैकी यर्डन नावाचा आहे, जांभळं रिंगण जमिनीवर उमटतं तो. त्या रिंगणात ती शिरली की तिला अंग येतं आणि मगच घाव बसतो. तेव्हा तिच्यामागे धावू नका. रिंगण टाका, त्यात उभे राहा, तिला आत येऊ द्या. दोन-तीन वार करून बाजूला लोळण घ्या. त्याआधी क्वेन हा मंत्र अंगावर घ्या, तो एक फटका झेलतो. मधेच तिच्या छाया तयार होतात आणि तुमचा जीव शोषून तिला देतात. तेव्हा तिला सोडा, आधी छायांना गाठा. त्या एकेका फटक्यात विरतात. भुतांवरचं तेल बनवता आलं असेल तर चांदीच्या तलवारीला लावा. आणि लढाईची पातळी खाली आणायला लाजू नका, मेनूमधून कधीही बदलता येते.

लढाईचं झालं. पण मला तुम्हाला दुसरंच विचारायचं आहे. तिचं घर नीट पाहिलंत का? विहिरीशेजारचं ते ओसाड घर, तिथली डायरी? पुष्कळ जण काय करायचं तेवढं बघतात आणि पुढे जातात. ती कोण होती, या घरात तिचं काय चाललं होतं, हे त्या डायरीतून कळतं. तिचं नाव क्लेअर. तिचं प्रेत विहिरीत लोंबकळतं आहे आणि तिच्या हातातलं कडं विहिरीच्या तळाशी पडलं आहे. गेराल्टला त्या पाण्यात उतरावं लागतं. ते कडं आणि ते प्रेत, दोन्ही एकत्र जाळल्याशिवाय ती सुटत नाही, तुम्ही कितीही चांगले लढवय्ये असा.

पोलंड आणि आजूबाजूच्या स्लाव्ह मुलखात ही बाई खरंच लोकांच्या बोलण्यात आहे. कापणीच्या दिवसांत भर दुपारी वावरात राबणाऱ्याला ती धरते, अशी त्यांची समजूत. मी हे सासूबाईंना सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. 'आमाले बी मायनं सांगतलं होतं,' त्या म्हणाल्या, 'बारा वाजता विहिरीवर नोको जाऊ, तिथं बाई बसली रायते.' मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात पोरीबाळींनी बाहेर पडू नये म्हणून कुणीतरी शहाण्या बाईनं हे सांगितलं असणार, तिकडेही आणि इकडेही. विहिरीवरच्या बाईच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या. पण त्या बाईला नाव काय होतं, तिला विहिरीत कुणी टाकलं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. हा खेळ ते विचारायला लावतो. भूत मारायचं असेल तर आधी त्या बाईची हकिकत माहीत करून घे, असा त्याचा नियमच आहे. गेराल्टच्या धंद्यातलं अर्धं काम चौकशीचं आहे, आणि म्हणून तर तो मला आवडतो.

म्हणून डायरी वाचा, मग विहिरीवर जा. बरोबर बाराला.

प्रश्न: वेलेनमध्ये टेकडीवरच्या झाडाखालच्या आत्म्यावर मी विश्वास ठेवला, त्याला सोडलं. पोरं वाचतील असं वाटलं होतं. नंतर बॅरनची बायको मेली आणि बॅरननं स्वतःचा जीव घेतला. दोन दिवस जेवण गेलं नाही. जुनं सेव्ह उघडून बदलू का? योग्य निवड कोणती होती? (दारव्हा)

उत्तर: आधी तुमच्या दोन दिवसांबद्दल. तुम्ही आणि मी ज्या जिल्ह्यांत राहतो तिथं अशी बातमी वर्तमानपत्रातून येत नाही, शेजारच्या ओसरीवरून येते. त्यामुळे तो प्रसंग तुम्हाला लागला यात नवल नाही. त्यानं जुनी घरची आठवण उकरून निघाली असेल तर खेळ काही दिवस बंद ठेवा आणि कुणाशी तरी बोला. सरकारची टेली मानस ही सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. हे मी अगदी मनापासून लिहिते आहे.

आता बॅरनचं. ज्यांनी हे खेळलं नाही त्यांच्यासाठी: गेराल्ट सिरीच्या शोधात वेलेन नावाच्या, लढाईनं उजाड झालेल्या मुलखात येतो. तिथं एक फौजी स्वतःला बॅरन म्हणवून गढी बळकावून बसला आहे. सिरी त्याच्याकडे राहून गेली आहे. तो म्हणतो, माझी बायको आणि लेक गायब आहेत, त्यांना शोध, मग सांगतो. शोधता शोधता कळतं की दोघी पळाल्या, त्याच्याच मारापायी. बायको पोटुशी होती. दारूच्या नशेत त्यानं हात उचलला, पोट पडलं, आणि ते लेकरू त्यानं नाव न ठेवता, विधी न करता पुरून टाकलं. त्याचंच भूत झालं आहे.

त्या लेकराला मारता येतं, किंवा त्याला नाव देऊन घराच्या उंबरठ्याखाली पुरता येतं. मी दुसरा मार्ग घेतला. सासूबाई मला जेवायला बोलवायला आल्या होत्या, त्या तिथंच बसल्या. रात्र आहे, बॅरन ते विद्रूप लेकरू छातीशी धरून गढीकडे चालतो आहे, गेराल्ट मंत्रानं त्याला शांत ठेवतो आहे, वाटेत भुतं धावून येत आहेत. उंबरठ्यापाशी तो बसतो, तिला नाव देतो, आपली लेक म्हणून पदरात घेतो. मला भरून आलं. मी सासूबाईंना नाव देण्याचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'त्यानं तिले मारलं नं? मंग नाव ठेवलं म्हणून मारलेलं फिटते काय?'

सासूबाई तरुणपणी गावातल्या बायांसोबत दारूच्या भट्ट्या फोडायला जायच्या. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, आणि ती कागदावरून गावात उतरवायला बायांनाच पदर खोचावा लागला. अशा बाईला बॅरनच्या आसवांची भूल पडत नाही. मला मात्र त्याची दया येत होती. आम्ही दोघी त्या रात्री यावर पुष्कळ बोललो, भाकरी गार होईस्तोवर. खेळ स्वतः कुणाची बाजू घेत नाही. बॅरन आपली कैफियत मांडतो तेव्हा बायकोनं काय केलं तेही सांगतो. ते ऐकून काही जण विरघळतात, काही जण जास्त चिडतात. तुमच्या मनात तेव्हा काय आलं ते आठवून बघा.

झाडाखालच्या आत्म्याचं तुम्ही विचारलं. बॅरनची बायको दलदलीतल्या चेटकिणींच्या तावडीत सापडली होती आणि तिथल्या अनाथ पोरांना सांभाळत होती. त्याला मारलं असतं तर बायको जिवंत राहिली असती, पण भ्रमिष्ट होऊन, आणि बॅरन तिला घेऊन दूर डोंगरात वैद्याच्या शोधात गेला असता. मग दलदलीतली ती पोरं वाचली नसती. म्हणजे एका पारड्यात पोरं, दुसऱ्यात ती बाई. निवड करताना त्या बाईचं काय होईल हे तुम्हाला माहीत नव्हतं. पुष्कळ पुढे जाऊन कळलं, तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. हे मुद्दाम तसं रचलं आहे. पेरताना पाऊस कसा पडेल हे आपल्याला कुठे ठाऊक असतं.

तेव्हा जुनं सेव्ह उघडू नका, हे माझं ठाम मत आहे. उघडलंत की तुमची गोष्ट संपली, मग उरतं ते नुसतं कोणतं बटण दाबलं की काय होतं याचं कोष्टक. तुम्ही पोरांसाठी त्या आत्म्यावर विश्वास ठेवलात. त्या क्षणी जे माहीत होतं त्यावरून तो निर्णय वाईट नव्हता. दुसरी वाट बघायचीच असेल तर पूर्ण खेळ संपवा आणि पुढच्या वर्षी नव्यानं सुरू करा. तेव्हा तुम्ही वेगळे असाल, कदाचित वेगळंच निवडाल.

प्रश्न: गोष्ट राहू द्या, मला ग्वेंट जिंकायचंय. सारखा हरतो. (मोर्शी)

उत्तर: ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्वेंट हा खेळाच्या आतला पत्त्यांचा खेळ. तीन डावांतले दोन जिंकायचे आणि हातातले पत्ते तिन्ही डावांना पुरवायचे. बहुतेक जण पहिल्याच डावात सगळा जोर काढतात. पहिला डाव हरायची तयारी ठेवा, समोरच्याचे पत्ते खर्ची पाडा, मग 'पास' म्हणा. हेर पत्ता मिळाला तर तो आधी टाका. त्याचे गुण समोरच्याला जातात, पण तुम्हाला दोन नवे पत्ते मिळतात, आणि पत्त्यांची संख्या हेच या खेळातलं भांडवल. नव्या गावात गेलात की खानावळवाल्याकडचे पत्ते आधी विकत घ्या. आणि गोष्टही खेळा हो.

प्रश्न: मी ५८ वर्षांचा शेतकरी. मुलगी पुण्याला नोकरीला, तिनं तिचा जुना कॉम्प्युटर आणि हा खेळ घरी ठेवला. 'बाबा, खेळून बघा' म्हणते. बोटं चालत नाहीत, लोक हसतात. जमेल का? आणि त्या सिरीचं शेवटी भलं व्हावं यासाठी काय करावं लागतं? (कारंजा लाड)

उत्तर: काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. जमेल. सुरू करताना चार पातळ्या विचारतात, त्यातली सगळ्यात सोपी, 'जस्ट द स्टोरी', ती घ्या. त्या पातळीवर गेराल्टला ध्यानाला बसवलं की जखमाही भरून निघतात. घोड्याला वाटेला लावलंत आणि दौडवत ठेवलंत की वळणं तोच घेतो. लांबच्या गावी जायचं तर चौरस्त्यावरच्या पाटीशी जाऊन थेट पोचता येतं. पहिला मुलूख व्हाइट ऑर्चर्ड. तिथून निघायची घाई करू नका. तिथली सगळी कामं करा, बोटं तिथंच बसतात. मुख्य गोष्ट साधारण ५० तासांची आहे, आडवाटा धरल्या तर १०० च्या वर जाते. तुम्हाला कुठे परीक्षेला बसायचंय? पेरणीच्या दिवसांत बंद ठेवा, डवरणी-निंदण उरकलं की झडीच्या दिवसांत परत काढा. जर्नलमध्ये मागचं सगळं लिहिलेलं असतं, हरवत नाही. रानडुकरांसाठी जागलीवर जाता असाल तर जागलीच्या दुसऱ्या दिवशी खेळू नका, झोपा.

लोकांचं मनावर घेऊ नका. चावडीवर पत्ते कुटत बसणाऱ्याला कुणी हसत नाही, आणि तुम्ही तर एक लांबलचक, जड गोष्ट वाचायला घेतली आहे.

सिरीचं मात्र मी सगळं सांगणार नाही. एवढंच सांगते की खेळाच्या उत्तरार्धात मोजके असे प्रसंग येतात जिथं ती तुमच्यासमोर उभी असते आणि तिला काहीतरी करायचं असतं. कुठे तिला एकटीला जाऊ द्यायचं की सोबत जायचं, कुठे तिचा राग आवरायचा की तिला राग काढू द्यायचा. प्रसंग किरकोळ वाटतात. शेवट त्यांच्यावर ठरतो. पुस्तिका उघडून उत्तरं शोधू नका. तुमच्या लेकीला पुण्याला पाठवताना तुम्ही काय काय केलं, काय काय बोलला नाहीत, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याच मनानं निवडा.

बोटांसाठी एक कंट्रोलर घ्या, कीबोर्डपेक्षा सोपा पडतो. तारेचा घ्या, चार्जिंगची कटकट नको. मुलगी दिवाळीला आली की तिला शेजारी बसवून पहिला तास खेळा आणि अक्षरं मोठी करून घ्या, ती सोय सेटिंगमध्ये आहे.